समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाला स्कूबा आणि पाण्याखालची फोटोग्राफी जमेल का? किनाऱ्यावरून केलेला तुमचा लक्षात राहिलेला डाइव्ह कोणता?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही यवतमाळकडचे, समुद्र आयुष्यात एकदा पाहिलाय तोही जुहूचा, आणि पोहणं विहिरीत शिकलात. म्हणजे माझ्यासारखेच. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमच्या गावाला मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ पडतं, आणि तिथं जायलाही रात्र गाडीत काढावी लागते. तरी जमलं. विहिरीत पोहणाऱ्याला खोल पाण्याची भीती नसते, ही निम्मी तयारी तुमची झालेलीच आहे.

आमच्याकडे समुद्र नाही, तलाव मात्र गावोगावी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, 1951 साली मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी' झाले. सरकारी कागदावर त्याचं आखूड रूप 'मामा तलाव'. बाहेरचे लोक विचारतात, कोणाच्या मामाचा? असो.

आमच्या गावच्या अशाच तलावावर ढिवर मोहल्ल्यातला, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीतला माझा जोडीदार लहानाचा मोठा झाला. जोडीदार म्हणजे आमच्याकडे दोस्त. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्यात, प्रत्येकाला एक 'बडी' लागतो, त्याच्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही हा पहिला नियम, आणि त्या शब्दाला आमच्याकडे आधीपासून इतका नेमका शब्द होता की शिकवणारा 'बडी' म्हणाला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो.

कॅमेरा माझा, साधा कॉम्पॅक्ट. त्याला पाण्याखाली न्यायचा प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे हाउसिंग, जुना घेतला. जुनं हाउसिंग गळतं की नाही हे कॅमेरा आत घालून बघायचं नसतं. आम्ही आत टिश्यू पेपर ठेवला, डबा बंद करून बादलीत ठेवला, वर दगड बांधले आणि आमच्या शेतातल्या विहिरीत दोरानं सोडला. तळाला वीस फूट पाणी होतं. अर्ध्या तासानं वर काढला तर कागदाचा एक कोपरा ओला. रबरी रिंगमध्ये केसाएवढं धानाचं कुसळ अडकलं होतं. कुसळ काढलं, रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं, पुन्हा सोडला. कागद कोरडा. तुमच्याकडे विहीर असेल तर ही चाचणी फुकट आहे.

हिवाळ्यात गाळ खाली बसला की सकाळच्या पहिल्या उन्हात आम्ही तलावाच्या काठाकाठानं नुसता चष्मा आणि नळी लावून फोटोचा सराव केला. स्कूबा तलावात करायला जाऊ नका. आत खोलात हातभर अंतरावरचं दिसत नाही, शिंगाड्याच्या वेली पायात येतात आणि फाटक्या जाळ्यांचे तुकडे कुठं अडकलेले असतील ते ढिवरालाही सांगता येत नाही. काठावर मात्र एक गोष्ट पक्की कळली. पाण्यात लांबून फोटो निघत नाही. माशाच्या आणि काचेच्या मधलं पाणी हेच फोटोचं वाटोळं करतं. झूम विसरायचा आणि हातभर अंतरावर जायचं. आणि लेन्सशेजारून उजेड मारला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. धुक्यात गाडीला अप्पर मारल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसं. म्हणून टॉर्च बाजूला लांब हातात धरायचा.

2023 च्या फेब्रुवारीत, धानाचे पैसे हातात आल्यावर, आम्ही अंदमानला गेलो. हॅवलॉक बेट, 2018 पासून कागदोपत्री स्वराज द्वीप. चार दिवसांत ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला. 18 मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. कोर्समध्ये 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगून. त्याआधी दमा, हृदय, कान यांबद्दल प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. तिथं खोटं लिहू नका. पाण्याखाली सगळ्यात मोठा नियम एकच, श्वास कधीच रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं भरून घेतलेली छाती तशीच बंद ठेवून वर आलात तर आतली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. आम्हा विहिरीत बुडी मारणाऱ्यांना श्वास रोखायचीच सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस शिकवणारा माझ्या बुडबुड्यांवर डोळा ठेवून होता.

कोर्स संपल्यावरचा डाइव्ह मी विसरणार नाही. बोट नाही, काही नाही. बीच नंबर दोनवरून चालत पाण्यात. तिथल्या रीफला, म्हणजे प्रवाळाच्या खडकांना, निमो रीफ म्हणतात. भरतीची वेळ बघून जातात, कारण ओहोटीला पाणी इतकं मागं हटतं की पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिसं घेऊन लांबपर्यंत खडकाळीत चालावं लागतं. आम्ही सकाळी भरतीला उतरलो. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, हातात, पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत पुढं सरकवायचे. रोवणीच्या बांधीत, धानाच्या चिखलात चालतो तीच चाल. पाण्यात वाट दाखवणारा डाइव्हमास्टर पुढं, आम्ही दोघं मागं.

पाच मिनिटांत माझा कॅमेरा आंधळा झाला. काचेवर आतून धुकं. सकाळच्या दमट हवेत मी हाउसिंग बंद केलं होतं, खालच्या पाण्यानं ते थंड झालं आणि आतली वाफ काचेवर बसली. गळती नव्हती, एवढंच समाधान. (सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून, कोरड्या एसी खोलीत डबा बंद करायचा, हे नंतर कळलं.) कॅमेऱ्यातून उष्णता निघत होती म्हणून की काय, दहाएक मिनिटांत मधला भाग निवळला. तेवढा वेळ मला नुसतं बघावं लागलं, आणि खरं सांगू, बरंच झालं. रीफ काही कॅलेंडरवरच्या चित्रासारखं रंगीत नव्हतं. वाळूत मधेमधे प्रवाळाचे ढीग, त्यातले कितीतरी मेलेले, करडे. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. रंगही त्या शेवाळाचा आणि पोटाला बरंचसं अन्नही त्याचंच. ते शेवाळ परतलं नाही तर प्रवाळ उपाशी मरतं. पण त्या मेलेल्या ढिगांच्या कपारींतही मासे होतेच.

जोडीदाराच्या मनगटावर जत्रेतला लाल धागा होता. सात मीटरवर तो मातकट काळा दिसायला लागला. पाणी आधी लाल रंग गिळतं हे आम्हाला वर्गात सांगितलं होतं, पण त्यानं ते तिथं पाहिलं. त्यानं धाग्यावर टॉर्च मारला, लाल. बंद केला, काळा. पुन्हा लाल. माझ्याकडे बघून त्याचे डोळे चष्म्याआड इतके मोठे झाले! मी खूश होऊन त्याला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. डाइव्हमास्टरनं ते बघितलं आणि तो लगेच मागं वळून आला. दोन बोटांचं गोल करून 'सगळं ठीक' सांगेपर्यंत माझी तारांबळ उडाली.

काच निवळल्यावर मी एका पोपटमाशामागं लागलो. तो चोचीनं प्रवाळ कुरतडत होता, कर्रकर्र आवाज स्पष्ट येत होता. मी जवळ गेलो की तो तेवढाच पुढं जाई. पंधरावीस फोटो काढले, सगळे शेपटीचे. तेवढ्यात कोणीतरी माझी फिन ओढली. जोडीदार. त्यानं एका ॲनिमोनकडे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या समुद्री प्राण्याकडे, बोट केलं. त्यात क्लाऊनफिशची जोडी होती, पण ती मी आधीच बघून पुढं गेलो होतो. मी मान हलवली, 'बघितलं'. त्यानं डोकं जोरात हलवलं, 'नाही', आणि दोन्ही हात पाळणा हलवल्यासारखे हलवले.

आम्ही दोघं शेजारच्या मोकळ्या वाळूवर, प्रवाळाला न लागता, अगदी खाली तरंगत थांबलो. दोन मिनिटं काहीच नाही. मग दोघांतला लहान मासा ॲनिमोनच्या बुंध्याशी असलेल्या दगडाकडे वाकला, पंखांनी वारा घातल्यासारखं केलं आणि वर आला. पुन्हा वाकला. जोडीदारानं बाजूनं टॉर्च धरला. दगडावर बोटभर जागेत नारिंगी दाण्यांचा थर होता, एकमेकांना चिकटून उभे असलेले. अंडी. टॉर्चशिवाय ती जागा नुसता तपकिरी डाग होती, मी त्याच्यावरून दोनदा गेलो असेन.

मी हातभर अंतरावर गेलो तसा तो अंगठ्याएवढा मासा थेट काचेवर येऊन आपटला. टक्. मागं गेला, पुन्हा टक्. त्याची तिसरी धडक मी टिपली. तोंड उघडं, डोळा माझ्यावर, मागं अंडी. मग आम्ही मागं सरकलो, कारण त्याला जास्त दमवायचं नव्हतं. तो वळून पुन्हा अंड्यांपाशी. तेवढ्यात जोडीदारानं माझा प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब 'बार'मध्ये दाखवणारा काटा, उचलून माझ्याच डोळ्यांसमोर धरला. 200 बारपासून सुरुवात, 100 झाले की सांगायचं, 50 शिल्लक ठेवून बाहेर, असं ठरलं होतं. माझे 80 झाले होते, सांगायचं सुचलं नव्हतं. त्याच्याकडे 120 होते. खबरदारी म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून आम्ही वर आलो.

किनाऱ्यावर मी जोडीदाराला पहिला प्रश्न हाच विचारला, कळलं कसं?

"तलावात मरळ पिल्लं राखते ना, तसा दिसला मले तो. घडी घडी एकाच जागी वाकून रायला होता. बिनकामाचा मासा असा वाकत नाई, गा."

पावसाळ्यात तलावाच्या काठाशी मरळीच्या लालसर पिलांचा झुबका वर येतो आणि खाली आईबाप पहारा देत असतात, हे आम्ही दोघांनीही पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसून लहानपणी पाहिलंय. मलाही ते माहीत होतं. पण मी कॅमेऱ्यात बघत होतो. डाइव्हमास्टरनं मग सांगितलं की क्लाऊनफिशमध्ये अंडी सांभाळायचं काम मुख्यतः नराचं, मादी मोठी असते, आणि मादी मेली तर नरच मादी बनतो. जोडीदार यावर बराच वेळ गप्प होता.

तर तुमच्यासाठी सांगायचं तर, शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नका. परतीचं तिकीट आधी काढताना हे लक्षात ठेवा, आमची एक रात्र त्यातच जास्तीची गेली. अंदमानातून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणू नका, गुन्हा आहे. नुसतं करून बघायचं असेल तर आधी तारकर्लीला जा, तिथं कोर्सशिवाय शिक्षकाच्या हाताला धरून उतरता येतं. आणि कॅमेरा पहिल्या चार डाइव्हला नेऊच नका. आधी पाण्यात स्थिर तरंगता आलं पाहिजे, नाहीतर फोटोच्या नादात लाथ प्रवाळाला बसते.

गावी आल्यावर फोटो मोहल्ल्यात फिरला. बहुतेकांनी एकच विचारलं, खातात का याले? जोडीदाराच्या आजोबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. त्यांना आम्ही अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"हा तं धावला असन तुमच्यावर," ते म्हणाले.