इंग्लंडमधल्या जुन्या सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या) घरात दिवसभर हीटिंग चालू ठेवूनही खालची खोली गारच राहते. बॉयलर बदलावा का?

बॉयलर एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की घर लेस्टरमधलं, १९३० च्या दशकातलं आहे. ३० किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर (घराचं हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही करणारा, टाकी नसलेला) सात वर्षांचा आहे. वरच्या खोल्या उकडतात, खालच्या बैठकीच्या खोलीत स्वेटर घालून बसावं लागतं. मुलांच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरलीय. आणि बॉयलर बघायला आलेल्या माणसाने ३५ किलोवॉटचा नवा बसवा म्हणून सुचवलंय. या वर्णनात बॉयलर कमी पडतोय असं काहीच दिसत नाही. उष्णता तयार होतेय, पण ती चुकीच्या खोलीत जातेय आणि फटींमधून बाहेर पडतेय.

घराला खरंच किती उष्णता लागते ते मीटरवरून कळतं. बाहेर बऱ्यापैकी थंडी असलेल्या दिवशी हीटिंग २४ तास एकाच तापमानावर ठेवा आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर लिहून घ्या. मीटर घनमीटरमध्ये असेल तर एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट (किलोवॉट-तास). समजा १२ घनमीटर जळाला, म्हणजे १३२ युनिट. त्यातले अंघोळ-स्वयंपाकाचे १२ वजा करा, राहिलेले १२०. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून २४ ने भागलं की सव्वाचार किलोवॉट येतात. बाहेर सरासरी २ अंश आणि घरात १९ असतील तर १७ अंशांच्या फरकाला एवढं लागलं, म्हणजे अंशाला २५० वॉट. आता बाहेर उणे २ आणि घरात २० हवे असतील तर साडेपाच किलोवॉट पुरतात. तुमचा आकडा वेगळा येईल, पण ३० च्या जवळपासही जाणार नाही. कॉम्बीचे ते ३० किलोवॉट शॉवरचं पाणी तापवण्यासाठी असतात, घर गरम करण्यासाठी नव्हेत. ३५ चा बॉयलर बसवलात तर तो आणखी लवकर तापून बंद पडेल, पुन्हा पेटेल, पुन्हा बंद. ही उघडझाप गॅसही खाते आणि सुटे भागही.

आता खालची खोली. प्रत्येक रेडिएटरला, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी ज्यातून फिरतं त्या भिंतीवरच्या पॅनेलला, हात लावून बघा, तो कसा गार आहे यावरच निदान ठरतं. वरची कड गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून छोट्या चावीने हवा काढा आणि मग बॉयलरवरचं प्रेशर थंड असताना १ ते दीड बारच्या दरम्यान आहे ना ते बघा. खालचा मधला भाग गार आणि कडा गरम असतील तर आत काळा गाळ साचलाय. तो काढून घ्यावा लागेल आणि त्यानंतर पाण्यात गंज रोखणारं रसायन घालून परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवून घ्यावा. एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकी ठीक असतील तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) पिन अडकलेली असते. वरचं डोकं फिरवून काढा, मधली पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबा. ती काही मिलिमीटर खाली जाऊन आपोआप वर यायला हवी. पक्कडीने धरून वर ओढू नका, ती बाहेर आली की काळ्या पाण्याची चिळकांडी थेट गालिच्यावर.

तुमच्याकडे मात्र वरचे तापतात आणि खालचे कोमट राहतात, म्हणजे दोष बॅलन्सिंगचा, रेडिएटरांमध्ये पाणी सारखं वाटलं न जाण्याचा. पाणी सोपी वाट धरतं. बॉयलरजवळच्या रेडिएटरमधून भरभर फिरून परत येतं आणि लांबच्याकडे पोचतच नाही. दुरुस्ती प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली असलेल्या लॉकशील्ड व्हॉल्व्हवर करायची. लहान पाना, वही आणि पाइपला लावायचे दोन थर्मामीटर एवढंच लागतं. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर पाइपवर आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, चकचकीत तांब्यावर तो भलतंच कमी तापमान दाखवतो.

प्रत्येक लॉकशील्ड आधी पूर्ण बंद करताना किती आटे फिरला ते लिहून ठेवा, म्हणजे गडबड झाली तर मूळ जागी आणता येईल. मग सगळे पूर्ण उघडा, थर्मोस्टॅटिक डोकीही पूर्ण उघडी ठेवा, आणि थंड घरात हीटिंग सुरू करून कोणता रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतो ते टिपा. सगळ्यात शेवटी तापणारा तसाच पूर्ण उघडा ठेवायचा. सगळ्यात आधी तापणारा बंद करून फक्त पाव आटा उघडायचा. मधल्यांना अर्धा, पाऊण, एक असं चढत जायचं. त्यानंतर आत येणारा आणि परत जाणारा पाइप यांच्या तापमानातला फरक मोजा. आकडा १२ असो की १५, तो सगळ्या रेडिएटरांवर जवळपास सारखा आला पाहिजे. फरक कमी असेल तर लॉकशील्ड थोडा बंद करा, जास्त असेल तर थोडा उघडा. दर बदलानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाई केली की आकडे फसवतात. हे काम एका संध्याकाळचं आहे. ते स्वतः करावं असं माझं ठाम मत आहे, कारण नीट करायला वेळ लागतो आणि येणाऱ्या कारागिराला तेवढा वेळ क्वचितच असतो.

हे झालं की बॉयलरवर दोन बटणं शोधा, एकावर नळाचं चित्र असतं, दुसऱ्यावर रेडिएटरचं. रेडिएटरचं बटण बहुधा ७० किंवा ७५ वर असेल. ते ५५ ते ६० वर आणा. इंग्लंडमध्ये २००५ पासून कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचे झाले, तुमचाही तोच आहे. त्याची खुबी अशी की धुरातली वाफ आतच थिजवून तिच्यातली उष्णता तो परत मिळवतो. पण परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफ थिजते. ७५ ला पाठवून ६० ला परत येत असेल तर ती खुबी वायाच जाते, आणि नव्वदीच्या वर जाऊ शकणारा बॉयलर पंच्याऐंशी टक्क्यांवर घुटमळतो. यासाठी एक पौंडही खर्च होत नाही.

अर्थात याची दुसरी बाजू आहे. रेडिएटरची कंपनी देते तो आकडा पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त धरून दिलेला असतो. फ्लो, म्हणजे बॉयलरमधून निघणारं पाणी, ५५ आणि परत येणारं ४५ असेल तर तो फरक ३० राहतो आणि उष्णता जवळपास निम्मी होते. म्हणून वरच्या हिशोबातले साडेपाच किलोवॉट हवे असतील तर रेडिएटरांची छापील बेरीज १० ते ११ किलोवॉट हवी. दोन पॅनेल आणि मध्ये दोन पन्हळी पत्रे असलेला ६०० बाय १२०० मिलिमीटरचा रेडिएटर सुमारे २ किलोवॉटचा असतो. पत्रे नसलेला एकपदरी त्याच्या निम्माही नसतो. तुमच्या गार खोलीत तसा एकपदरी असेल तर तेवढा एक बदला. नव्या बॉयलरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. घर आता सावकाश तापेल, म्हणून टायमर आधी लावायचा. कडाक्याच्या थंडीत २० अंश गाठले जात नसतील तर फ्लो पाच अंशांनी वाढवायचा. आणि गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांनी, म्हणजे ज्यांच्याकडे कॉम्बी नाही त्यांनी, ६५ च्या खाली जाऊ नये. टाकीतलं पाणी ६० पर्यंत पोचलं नाही तर त्यात लिजिओनेलाचे जिवाणू वाढू शकतात.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांशी झगडत राहतात. रेडिएटरवर लोंबणारा पडदा आणि समोर टेकवलेला सोफा हलवा. बॉयलरच्या आवरणाला मात्र हात लावायचा नाही, ते काम गॅस सेफ (गॅसच्या कामासाठीची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्याचंच.

झुळुका शोधायला जोराच्या वाऱ्याचा दिवस निवडा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि पेटलेली अगरबत्ती घेऊन फिरा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट. या काळच्या घरांत ठरलेल्या जागा म्हणजे पुढच्या दाराचं टपाल टाकायचं भोक, माळ्यावर जायचं झाकण, सिंकखाली पाइप भिंतीतून जातात ती भोकं, बे विंडोच्या (भिंतीबाहेर आलेल्या खिडकीच्या) खालची लाकडी पट्टी, आणि लाकडी जमिनीची कड जिथे भिंतीला भेटते ती रेष. तुमच्या आकाराच्या घरात, म्हणजे सुमारे २०० घनमीटर, तासाला एकदा सगळी हवा बदलली तर २० अंशांच्या फरकाला सव्वा किलोवॉटहून जास्त उष्णता त्यातच जाते. ब्रशपट्ट्या, फोमपट्ट्या आणि सीलंट यांवर पन्नास-साठ पौंड खर्चून यातला बराच भाग वाचतो. बंद पडलेल्या शेकोटीच्या धुराड्यात फुगा किंवा लोकरीचा बोळा बसवा, पण त्या धुराड्याला गॅसची शेगडी जोडलेली असेल तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात कोंडून जीव जाईल. अलार्म नसेल तर आजच घ्या. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत असलेल्या जाळीदार विटाही बुजवू नका. लाकडी जमिनीखालची हवा त्यांतून खेळते, ती थांबली की तुळया कुजतात.

माळ्यावर किती जाडीचं मिनरल वूल (उष्णता अडवणारा लोकरीसारखा थर) आहे ते मोजा. सध्याची शिफारस २७० मिलिमीटर, म्हणजे तुळयांमध्ये १०० आणि वरून आडवं १७०. पण सगळे आधी माळ्याकडेच धावतात म्हणून आकडे देतो. माळा ४५ चौरस मीटरचा आणि आधीच १०० मिलिमीटर वूल असेल तर २७० केल्याने २० अंशांच्या फरकाला जेमतेम २०० वॉट वाचतात. भिंती ६० चौरस मीटरच्या, विटांच्या दोन थरांच्या आणि मधली पोकळी रिकामी असेल तर ती भरल्यावर तब्बल १२०० वॉट. त्यामुळे माळ्यावर वूल अजिबात नसेल तर आधी माळा, थोडंफार असेल तर आधी भिंत.

भिंत पोकळ आहे का ते विटांवरून कळतं. सगळ्या विटा लांबट बाजूने दिसत असतील तर बहुधा पोकळी आहे, एक लांब एक आखूड अशी रचना असेल तर भिंत भरीव. पोकळी असली तरी भोक पाडून कॅमेऱ्याने तपासून घ्या. त्या काळच्या पोकळीत जागोजागी चुन्याचे गोळे पडलेले आणि दोन थरांना जोडणारे लोखंडी टाय गंजलेले असू शकतात. तशात भरलं तर पावसाचं पाणी आत उतरतं. माळ्यावर काम करताना छपराच्या कडेला हवेसाठी सुमारे ५० मिलिमीटरची फट सोडा, पाण्याची टाकी असेल तर तिच्या खाली वूल घालू नका आणि तिथल्या पाइपांना आवरण घाला, कारण माळा आता आधीपेक्षा गार राहणार. छपराला आतून फवारलेला फोम नको, पुढे घर विकताना बँका गहाणकर्ज द्यायला कां-कूं करतात. इन्सुलेशन बसवून घेतलं तर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट (विक्रीवरचा कर) शून्य आहे. सामान दुकानातून आणून स्वतः बसवलं तर व्हॅट लागतोच.

बुरशीबद्दल. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल तर साडेपंधरा अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर बुरशीला पुरेसा ओलावा मिळतो, थेंब दिसायचीही गरज नसते. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागचा कोपरा सहज त्याखाली जातो. कपाट आतल्या भिंतीला न्या, निदान दहा सेंटिमीटर पुढे ओढा. मशीनमधून काढलेले कपडे घरात वाळवले की एका खेपेला दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. वर कुकरच्या शिट्ट्या आणि डाळ-भाताची वाफ. पंखा बाहेर फेकणारा हवा, फक्त जाळीतून हवा फिरवणारा नको. कपडे एकाच खोलीत, दार लावून, खिडकी किलकिली करून वाळवा. बाहेर दमट आहे म्हणून खिडकी उघडायची नाही, हा आपल्याकडच्या पावसाळ्याचा हिशोब इथल्या हिवाळ्यात लागू होत नाही. बाहेरची ३ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. दहा पौंडांचा आर्द्रतामापक त्या खोलीत ठेवा आणि आकडा ६० च्या खाली राहील असं बघा.

हीट पंपाचं, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणाऱ्या यंत्राचं, विचारलं होतंत. इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी सरकारी योजनेतून ७,५०० पौंड मिळतात. पण या हिवाळ्यात फ्लो ५५ वर, जमलं तर ५० वर ठेवून घर उबदार राहतं का ते बघा. राहिलं तर हीट पंप निर्धास्त घेता येईल, आणि नाही राहिलं तर कोणत्या खोलीचा रेडिएटर अपुरा आहे हे तोवर कळलेलं असेल. मीटरची रीडिंग आणि सगळ्या रेडिएटरांची लांबी-उंची, पॅनेल किती आणि पत्रे किती, एवढं कमेंटमध्ये टाकलंत तर खोलीनिहाय हिशोब करून देतो.