मायक्रोडोसिंगविषयी इंटरनेटवर मिळणाऱ्या माहितीवर कितपत विसंबावे?

नैराश्यासाठी सर्ट्रालीनच्या गोळ्या चालू असताना सायलोसायबिनच्या (काही मशरूममधल्या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याच्या) मायक्रोडोसिंगविषयी, म्हणजे ते अगदी सूक्ष्म मात्रेत ठरावीक दिवसांनी घेण्याविषयी, इंटरनेटवर जे तक्ते आणि अनुभव वाचायला मिळतात, त्यांवर किती विश्वास ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे. मी अठरा वर्षे औषधांचे दुकान चालवते, पण हे उत्तर बहीण म्हणून लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये होता. तिथे २००८ साली सायलोसायबिनच्या मशरूमवर बंदी आली, पण त्याच जातीच्या बुरशीच्या गाठी ट्रफल या नावाने दुकानांत उघडपणे मिळतात. भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी उन्मादात जाते, आणि त्यावरचे लिथियम हे औषध चालू होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स फॅडिमन यांच्या नावाने ओळखला जाणारा क्रम, म्हणजे एक दिवस घेणे आणि दोन दिवस थांबणे, त्याने वाचून सुरू केला. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने फ्रिजमधला डबा उघडून दाखवला. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवलेल्या त्या डब्यात अक्रोडाच्या तुकड्यांसारख्या ओलसर, तपकिरी गाठी होत्या. पीठ मोजायच्या काट्यावर त्याने एक तुकडा ठेवला, तेव्हा काट्याने शून्य दाखवले. आणखी एक कण टाकताच एकदम एक ग्रॅम. मी त्या काट्यावरून त्याला रागावले. लिथियमबद्दल मात्र विचारले नाही, कारण ते चालू असणारच असे मी धरून चालले होते.

ते त्याने तीन आठवड्यांपूर्वीच सोडले होते. त्याने वाचलेल्या पानावर लिथियमबरोबर हे पदार्थ घेऊ नयेत, झटके येऊ शकतात, अशी स्पष्ट सूचना होती, आणि ती सूचना खरी आहे. दोन्ही एकत्र नको, याचा अर्थ त्याने लिथियम नको, असा लावला. महिनाभरात त्याची झोप उडाली, साठवलेले पैसे त्याने अनोळखी लोकांना वाटले आणि शेवटी त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले.

आमचे मामा आजही म्हणतात की, पोराने सगळे नीट वाचून केले होते आणि मी गोळ्या विकते म्हणून मला ती बुरशी खुपते. मामा, लिथियम सुटल्यामुळे उन्माद उसळला की ट्रफलमुळे, हे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लिथियम सुटले ते ट्रफलसाठीच. त्या पानाला त्याचा आजार ठाऊक नव्हता आणि ज्यांना ठाऊक होता त्या आपल्यापैकी कोणी त्याला विचारले नाही. त्यात मीही आले.

तुमच्या बाबतीतही धोका तोच आहे. सर्ट्रालीनमुळे सायलोसायबिनचा परिणाम मंदावतो, हे वाचून लोक सर्ट्रालीन कमी करू लागतात. कृपा करून तसे करू नका. अनुभवकथनांवर तर मी मुळीच विसंबत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९१ जणांनी आपापल्या घरी कॅप्सूल भरल्या, त्यांतल्या काही मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आणि आपण कोणती घेतो आहोत हे स्वतःलाही कळू दिले नाही. चार आठवड्यांनी रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही जवळपास तितकेच बरे वाटत होते. शिवाय भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सायलोसायबिन बाळगणे हा गुन्हा आहे आणि मात्रा सूक्ष्म असली म्हणून त्यातून सुटका नाही.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण मात्रा देऊन नैराश्यावर जे प्रयोग चालले आहेत त्यांना मी नावे ठेवत नाही. तो विषय वेगळा आहे.

तुम्ही सर्ट्रालीन आधीच कमी केले असेल, तर कोणत्या तारखेपासून आणि किती मिलिग्रॅमने, हे कागदावर लिहून याच आठवड्यात तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मशरूमचा उल्लेख टाळू नका. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांच्यावर घातलेले आहे. आणि घरातल्या एखाद्या व्यक्तीला, तुमच्या गोळ्या चालू आहेत का, हे रोज विचारायला सांगा.