आकडा वाढला, तरी कपॅसिटर खराब?

प्रश्न : जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधला) ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मीटरवर ६.१ दाखवतो. म्हणजे अजून दमदार आहे ना?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : उलट, बदलायला झालाय. आतून करंटची गळती असली की साधा मीटर असाच फुगवून आकडा दाखवतो. पण आधी सोल्डर काढून एक पाय मोकळा केलात ना? नाहीतर कॉइल आणि ट्वीटरही (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) मोजमापात शिरतात. एलसीआर मीटर (कॉइल-कपॅसिटर नेमके मोजणारा) मिळाला तर १ किलोहर्ट्झवर मोजा, ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा आतला रोधही बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेले इलेक्ट्रोलिटिक (आत ओलसर रसायन असलेले) कपॅसिटर लवकर सुकतात. नवा इलेक्ट्रोलिटिक नॉन-पोलरच, म्हणजे प्लस-मायनस नसलेलाच घ्या. त्याऐवजी प्लॅस्टिक फिल्मचा बसवलात तर ईएसआर घटून ट्वीटरचा आवाज कानाला जरा टोचू शकतो; मग अर्ध्या ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून ऐका. नवेही मोजूनच लावा, दोन्ही पेट्यांना जुळत्या आकड्यांची जोडी हवी.