कमी बजेटची पहिली पटकथा लिहिताना

तुमच्या पहिल्या पटकथेचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, जरूर लिहा. फक्त त्यात चौदा लोकेशन आहेत आणि छोट्या निर्मात्याचे पैसे तिथेच संपतात. लोकेशन बदललं की लाइट, गाड्या, जेवण सगळं हलतं आणि अर्धा दिवस जातो. पुण्याच्या सदाशिव पेठेतला एकच वाडा घ्या: चौक, जिना, माडी, न्हाणीघर, गच्ची. पाच जागा तिथेच मिळाल्या. मुख्य पात्रंही पाच-सहाच ठेवा.

हमखास होणाऱ्या चुका:

- 'बाहेर, रात्र, पाऊस' असं सहज लिहून टाकणं. या तीन शब्दांत टँकर, जनरेटर आणि जादा लाइट येतात. तोच प्रसंग खिडकीच्या आत, नुसत्या पावसाच्या आवाजावर लिहून बघा. बहुतेक वेळा जास्त खुलतो.
- पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट धरणं. तो हिशेब इंग्रजीतल्या कुरियर फॉन्टचा, १२ पॉइंट आकाराचा आहे. देवनागरीत घड्याळ लावून मोठ्याने वाचा.
- 'त्याला पश्चात्ताप होतो' असं लिहिणं. कॅमेऱ्याला हे दिसत नाही. तो काय करतो ते लिहा.

पटकथा कुणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ऑनलाइन नोंदवा. मानधन टप्प्यांत घ्या, शेवटचा हप्ता शूटिंगआधी. प्रदर्शनानंतरच्या वायद्यावर अजिबात जाऊ नका. श्रेयनामावलीतलं नाव करारात हवंच.

पटकथेऐवजी माहितीपर पुस्तक लिहायचं असेल, तर मात्र आधी अख्खं हस्तलिखित लागत नाही. प्रकरणांची यादी आणि दोन पक्की प्रकरणं प्रकाशकाला दाखवा. सिनेमावर लिहायचं असेल तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयापासून सुरुवात करा.