चौकशी बाल कल्याण समितीला करू द्या, शेजाऱ्यांनी पोरांचं बघा

ताई, तुमच्या वाडीतल्या त्या दोन भावंडांचं वाचलं. बाप दारू पिऊन मारतो, जेवणखाणाची आबाळ, म्हणून शाळेतल्या बाईंनी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. पोरं आता वाडीतच मावशीकडे आहेत, बाल कल्याण समितीची (अशा पोरांचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) चौकशी चालू आहे आणि गावकीने रविवारी देवळात बैठक लावलीय, 'घरातलं घरात मिटवू' म्हणून. शेजाऱ्यांनी काय करावं, हा तुमचा प्रश्न. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, अशा काही पोरांसोबत समितीपुढे जाऊन बसलेय, त्यावरून सांगते.

आधी बैठकीचं. बांधाचं, पाणंदीचं, पालखीच्या मानाचं भांडण गावकीने खुशाल मिटवावं. हे तिच्या हातातलं नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारलं किंवा त्याची हेळसांड केली, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाने देवापुढे नारळ ठेवून शपथ घेतली म्हणून समितीची चौकशी थांबत नाही. आणि पोरांना सभामंडपात उभं करून 'सांग रे, बाबा मारतो काय?' असं विचारणं तर काही झालं तरी होऊ देऊ नका. मावशीला वाळीत टाकायची भाषा निघाली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, त्यातही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या रायगडातलीच प्रकरणं किती गाजली होती, आठवत असेल. मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन आला तरी हेच सांगा.

आता सगळ्यात अवघड काम : न विचारणं. आमच्याकडच्या एका पोराला दुकानात, विहिरीवर, एसटीत, जो तो विचारायचा. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढे पुढे तो पोरगा उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं तोंड न्याहाळायला लागला. आजीसारखी बाई असेल तर 'काय नाय झाला', शाळेतल्या बाई असतील तर 'मारतत'. समितीपुढे त्याला खरं काय ते सांगायला किती वेळ लागला, ते मी शेजारी बसून बघितलंय. शिवाय दर वेळी दोन शब्द बदलतात आणि पुढे वकील नेमके तेच धरतात. पोर आपणहून बोललं तर ऐकून घ्या. खोदू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. त्याच रात्री त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा आणि तो कागद चौकशीला येणाऱ्यांच्या हातात द्या.

ते येतीलच. सामाजिक चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो, त्यासाठी शेजारपाजारही विचारतात. तेव्हा तोंड लपवू नका, पण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. 'माणूसच वाईट' याचा उपयोग शून्य. 'दिवाळीच्या आदल्या रात्री धाकटी अनवाणी पळत आली आणि आमच्या पडवीत झोपली' याचा उपयोग फार. आणि गरिबीला हेळसांड म्हणू नका. आंब्याच्या दिवसांत आई पहाटे बागेत जाते, बाप ट्रॉलरवर खलाशी, पोरं एकटीच पेज गरम करून शाळेत येतात. अशी कितीतरी घरं मी पाहिली आणि त्यातली बरीच प्रेमाची होती. त्यांना मदत लागते, तक्रार नाही. तुमच्याकडचं तसं नाही, हे दिसतंच आहे.

मावशीचं काय, हे कुणीच विचारत नाही. दोन तोंडं वाढली. बाल संगोपन योजनेत महिन्याला दर मुलामागे २,२५० रुपये मिळतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात तिच्यासाठी आत्ताच विचारून ठेवा. पैसे यायला वेळ लागतो, तोवर बचत गटाने हात द्यावा. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मंडणगडाहून रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस गेला. कुणाची गाडी असेल तर काढा. सोबत पोरांच्या ओळखीचं एकच माणूस असू द्या, दर खेपेला तेच, आणि डब्यात घावणे. शाळा मात्र त्या दिवसापुरतीच बुडावी.

पोरांसमोर बापाला शिव्या घालू नका, त्यांचा तो बाबाच आहे. वाडीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच्याकडे जात राहावं, व्यसनमुक्तीला न्यावं. समिती पुढे देखरेखीखाली पोरं परत घरी पाठवायचाही विचार करते, तेव्हा हे कामाला येतं.

पोरांचं नाव, फोटो, शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, चाकरमान्यांच्या ग्रुपवर तर नकोच. त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चौकशीत लैंगिक काही निघालं तर प्रकरण पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात जातं. मग जबाब घरी किंवा पोर म्हणेल तिथे, शक्यतो महिला पोलीस अधिकारी, अंगावर वर्दी नाही, आणि पोराचा विश्वास असलेलं माणूस जवळ. समिती पोराला चौकशीत आणि खटल्यात साथ देणारी सहायक व्यक्तीही नेमून देते, ती मागून घ्या.

रविवारी अंगणवाडीताईंना सोबत न्या. गाव बाल संरक्षण समिती कागदावर असतेच आणि सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तिची शेवटची सभा कधी झाली, एवढं बैठक सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत त्यांना विचारा.