मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना?

प्रश्न : वय ४६, शिवणकाम करते. चार महिने पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मानेची शीर दबली असेल, पट्टा लाव, असं सगळे सांगतात.

उत्तर : मानेच्या पट्ट्याची घाई नको. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्यांच्याकडची बाजू बधिर होते, पण करंगळी ठीक असते का? तसं असेल तर मनगटात मीडियन नर्व्ह ही हाताची नस दबत असावी. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झटकल्यावर आराम पडणं ही त्याचीच खूण. करंगळीला मुंग्या येत असतील तर दाब बहुधा कोपरापाशी असतो. मानेच्या दुखण्यात मान वळवली की कळ दंडातून खाली उतरते.

झोपेत मनगट दुमडतं आणि नसेवरचा दाब वाढतो, म्हणून उपायही रात्रीचाच. मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधार, रोज झोपताना लावा, निदान सहा आठवडे. बाजारातल्या बऱ्याच स्प्लिंटमधली पट्टी मागे वाकवलेली असते. ती काढून सरळ करून घ्या, नाहीतर फायदा कमी होतो. पट्टे करकचून आवळू नका. दिवसा बोथट कात्री वापरू नका, तिला जोर जास्त लागतो.

थायरॉईड आणि साखर तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास होतो. सुई हातातून निसटू लागली किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर स्प्लिंटवर वेळ काढू नका. नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश नीट जातो का, हे पाहणारी) तपासणी करून शस्त्रक्रियेबद्दल विचारा. आणि मनानेच महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्स नको. बी-६ अति झालं तर त्यानेच बधिरपणा येतो!

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, शाकाहारी, दहा वर्षं मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर. तळपाय बधिर झालेत. गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात.

उत्तर : पिशवी आजच बंद करा. भाजलेलं त्यांना कळणार नाही आणि मधुमेहात ती जखम चिघळते. तळवे रोज तुम्ही स्वतः पाहा. कारण मधुमेहच असू शकतं, पण मेटफॉर्मिनने बी-१२ कमी शोषलं जातं आणि शाकाहारात ते मुळातच कमी. इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्तातलं बी-१२ मोजून घ्या, नंतरच्या आकड्यावरून काही कळत नाही. नुसतं फॉलिक ॲसिडही देऊ नका : हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची हानी मात्र चालूच राहते. मेटफॉर्मिन परस्पर थांबवू नका.

मात्र एकाच बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजा आणि लगेच १०८ ला फोन करा.