घरबांधणी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : देवळाली कॅम्पातल्या आमच्या जुन्या बंगल्याच्या कौलांवर 'बासेल मिशन' आणि '१८६५' अशी अक्षरे आहेत. घर त्याच सालचे का? त्याला व्हिक्टोरियन म्हणता येईल का?

उत्तर : १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशन या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे. नंतर बनलेल्या कौलांवरही ते असते. शिवाय कौले फुटली की बदलतात, एका घराची उतरवून दुसऱ्यावर चढवतात. घराचे वय कागदांत शोधा : जुने खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, आणि जागा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर जनरल लँड रजिस्टरचा (कॅन्टोन्मेंटच्या जमिनींच्या नोंदवहीचा) उतारा.

व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. त्या काळच्या इंग्लंडमधल्या घरांच्या खुणा म्हणजे उभट उताराचे छप्पर, त्रिकोणी दर्शनी भिंतीच्या कडेला कोरीव लाकडी झालर, भिंतीबाहेर आलेली बे विंडो, वर-खाली सरकणारी तावदाने, नक्षीच्या फरश्या, बिडाचे कठडे. तिथे काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला, तशी मोठ्या काचांची चाल वाढली. आपल्याकडे या खुणांना खोल व्हरांडा आणि छताखालचे झरोके जोडले गेले. पण ही धाटणी १९०१ नंतरही चालू राहिली, त्यामुळे झालर पाहून शैली कळते, साल नाही.

प्रश्न : याच बंगल्यात जोत्यापासून तीन फुटांपर्यंत लोणा (ओलीने भिंतीवर येणारे क्षार) लागला आहे. दोनदा सिमेंटचा गिलावा केला, तरी पोपडे सुटतात. काय करावे?

उत्तर : पोपड्यांचे कारण तो सिमेंटचा गिलावाच आहे. चुन्यातली जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि वाऱ्याने सुकते. सिमेंटने ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचून स्फटिक होतात आणि त्याला ढकलतात.

आधी बाहेरची बाजू पाहा. अंगणात भर घालून किंवा पेव्हर ब्लॉक बसवून जमीन वर आली असेल तर ती आतल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली घ्या. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायाशी पडू देऊ नका. हे न करता गिलाव्यावर खर्च करणे व्यर्थ आहे.

मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतले तर ते पुन्हा आत जातात. भिंत उघडी ठेवून सुकू द्या. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत, गिलावा करा : एक भाग चांगला मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. वाळूच्या तीनपैकी एका भागाऐवजी सुरखी (विटांची भुकटी) घेतली तर ओलीत उत्तम. थर १० ते १२ मिलिमीटरचा, दोन थरांत आठवडाभर अंतर, आणि तोवर ओले गोणपाट. एप्रिलच्या झळांत चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि भेगाळतो. वर चुन्याची सफेदी करा, प्लास्टिक पेंट नको. गवंडी 'पकड येईल' म्हणून चुन्यात मूठभर सिमेंट टाकू पाहतो; त्याला ठामपणे थांबवा.

प्रश्न : गंगापूर रोडला नवीन घर बांधतोय. पश्चिमेला बे विंडो हवी आहे.

उत्तर : ती इंग्लंडच्या मंद उन्हाला घरात घेण्यासाठी आहे. नाशिकमध्ये ती पश्चिमेला केली तर खोली तापेल, उत्तरेला घ्या. तिचे छप्पर जिथे भिंतीला मिळते तिथे पाणी शिरते. भिंतीत २५ मिलिमीटरची खाच पाडून तिच्यात सांधा झाकणाऱ्या पत्र्याची वरची कड बसवून घ्या. नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका, उन्हाने तो सुटतो.